वाचकांचे प्रश्न: मेक्सिको, पोर्तो रिको आणि रिंगभोवतीची निष्ठा

प्रश्न : जुन्या बॉक्सिंग लढती पाहताना मेक्सिकोचे आणि पोर्तो रिकोचे प्रेक्षक एकमेकांविरुद्ध घसा फोडून ओरडताना दिसतात. या दोघांत युद्ध झालेले नाही, सीमाही लागून नाही. मग हे वैर आले कुठून? (सातारा)

आधी वजनगट पाहा. दोन्हीकडचे उत्तम मुष्टियोद्धे बहुतेक 118 ते 154 पौंडांच्या गटांत, म्हणजे साधारण 53 ते 70 किलोंत येतात. त्यामुळे त्यांची गाठ पडणारच होती. 28 ऑक्टोबर 1978 रोजी सान हुआनमध्ये मेक्सिकोचा कार्लोस झाराते आणि पोर्तो रिकोचा विल्फ्रेदो गोमेझ समोरासमोर आले, तेव्हा दोघांच्या मिळून 74 लढती झाल्या होत्या. त्यांत 73 विजय, एक बरोबरी, आणि विजयांपैकी 72 नॉकआउटने! गोमेझने पाचव्या फेरीत झारातेला संपवले. तीन वर्षांनी, 21 ऑगस्ट 1981 रोजी लास वेगासमध्ये मेक्सिकोच्या सॅल्वादोर सांचेझने गोमेझला पहिल्याच फेरीत खाली पाडले आणि आठव्या फेरीत लढत जिंकली. परतीची लढत झालीच नाही, कारण 12 ऑगस्ट 1982 रोजी सांचेझ मोटार अपघातात गेला. तो अवघा 23 वर्षांचा होता. हिशेब असा अर्धवट राहिला की पुढची पिढी तो उचलते, आणि इथेही तेच झाले.

पोर्तो रिकोच्या बाजूने आणखी एक मोठे कारण आहे. बेट अमेरिकेच्या ताब्यात आहे, 1917 पासून तिथले लोक अमेरिकेचे नागरिक आहेत, पण ऑलिंपिकमध्ये 1948 पासून त्यांचा संघ स्वतंत्र उतरतो. त्या वर्षीचे त्यांचे पहिले पदक बॉक्सिंगमधलेच होते, आणि पहिले सुवर्ण मिळायला 2016 उजाडले. सुमारे 32 लाख वस्तीच्या बेटाला आपला झेंडा जगापुढे न्यायची सर्वांत खात्रीची जागा बॉक्सिंगची रिंगच होती. समोर 13 कोटींचा मेक्सिको असला की ही भावना दुप्पट होते.

‘मेक्सिकन पुढे चालून यकृतावर डावा हूक (कोपर वाकवून बाजूने मारलेला ठोसा) मारतो, पोर्तो रिकन पायांवर नाचतो’ हे विधान मात्र जपून वापरा. गोमेझ आणि फेलिक्स त्रिनिदाद हे दोघेही पोर्तो रिकन, पण ठोशाच्या जोरावर मोठे झाले.

प्रश्न : ऑस्कर दे ला होयाचे आईवडील मेक्सिकोचे. तरी मेक्सिकन प्रेक्षकांनी त्याची हुर्यो का उडवली? (नाशिक)

जून 1996 मध्ये त्याने हुलिओ सेझार चावेझला चौथ्या फेरीत हरवले म्हणून. चावेझ मेक्सिकोतल्या कुलियाकानमध्ये वाढलेला, आणि त्याने 1987 मध्ये एदविन रोझारियोला व 1992 मध्ये हेक्टर कमाचोला, म्हणजे दोन पोर्तो रिकन विजेत्यांना, नमवलेले. दे ला होया पूर्व लॉस एंजेलिसचा, बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये अमेरिकेसाठी सुवर्ण जिंकलेला.

पण जन्मगाव हा निकष लावायला गेलात तर फसाल. मुष्टियोद्धा अंतोनियो मार्गारितोचा जन्मही कॅलिफोर्नियाचा, पण तो मेक्सिकोतल्या तिहुआनात वाढला आणि तिथेच घडला, म्हणून त्याच्या मेक्सिकनपणावर कोणी शंका घेतली नाही. मुष्टियोद्धा मिगेल कोत्तो अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात जन्मला, वाढला पोर्तो रिकोतल्या कागुआसमध्ये, आणि पोर्तो रिकोने त्याला डोक्यावर घेतले. प्रेक्षक पाहतात ते हे की माणूस कुठल्या व्यायामशाळेत घडला आणि कोणाला हरवून वर आला. दे ला होयाने वर येताना त्यांच्या दैवतालाच पाडले होते.

प्रश्न : मार्गारितोच्या हाताच्या पट्ट्यांचे प्रकरण नेमके काय होते? तपासणी कशी होते? (पणजी)

ग्लोव्ह घालण्यापूर्वी हाताला मऊ गॉजची पट्टी गुंडाळतात, सहसा 2 इंच रुंद. आधी मनगट, मग हाताची पाठ, बोटांच्या मधून, आणि बोटांच्या सांध्यांवर घडी घातलेल्या गॉजची गादी. ती जागेवर राहावी म्हणून चिकटपट्टी. गोम या गादीत असते. गॉज मऊ राहिला तर तो मारणाऱ्याचा हात वाचवतो. त्यात कडक होणारे काही मिसळले तर तो समोरच्याचा चेहरा फोडतो. वेल्टरवेट गटात, म्हणजे 147 पौंडांपर्यंत, ग्लोव्ह फक्त 8 औंसांचा, जेमतेम 227 ग्रॅमचा असतो. एवढी गादी कडक ठोसा अडवू शकत नाही.

म्हणून पट्टी बांधताना प्रतिस्पर्ध्याच्या गोटातला एक माणूस शेजारी उभा राहू शकतो, आणि अधिकारी तपासून पट्टीवर सही करतो. जानेवारी 2009 मध्ये लॉस एंजेलिसला मार्गारितोचा प्रतिस्पर्धी शेन मोस्ली याचे प्रशिक्षक नाझिम रिचर्डसन यांनी असेच उभे राहून हरकत घेतली. गाद्या काढून जप्त केल्या गेल्या. प्रयोगशाळेत त्यांत कॅल्शियम आणि गंधक सापडले, जे प्लॅस्टर ऑफ पॅरिसमध्ये असतात. मार्गारितो आणि त्याचा प्रशिक्षक, दोघांचे परवाने रद्द झाले.

जुलै 2008 मध्ये मार्गारितोने कोत्तोला अकराव्या फेरीत हरवले होते. तेव्हाही पट्ट्यांत काही होते, हे कधीच सिद्ध झाले नाही. पोर्तो रिकन चाहते ते सिद्ध झाल्यासारखेच बोलतात. त्यांचा संताप समजण्याजोगा आहे, पण जप्त झालेल्या पट्ट्या 2009 च्या, हे विसरू नये. डिसेंबर 2011 मध्ये न्यूयॉर्कला झालेली परतीची लढत डॉक्टरांनी नवव्या फेरीनंतर थांबवली आणि कोत्तो जिंकला.

प्रश्न : आपल्या आवडत्या खेळाडूकडे झुकल्याशिवाय घरी गुण कसे द्यावेत? (बडोदे)

आवाज बंद करा. गर्दी ग्लोव्हवर अडलेल्या ठोशालाही गर्जना करते आणि समालोचक त्या गर्जनेमागे जातो. पोटावरचे शांत, खरे ठोसे तेवढ्यात निसटतात. फेरीच्या विजेत्याला 10, दुसऱ्याला 9. एकदा खाली पडला तर सहसा 8. स्वच्छ लागलेला ठोसा आधी मोजा, आक्रमकता नंतर. घंटा वाजताच आकडा शाईने लिहा आणि पुढच्या फेरीनंतर त्याला हात लावू नका. चाहत्यांची सगळी गडबड मागाहून आकडे सुधारण्यात होते.

सरावासाठी 18 सप्टेंबर 1999 ची दे ला होया–त्रिनिदाद लढत घ्या. पंचांचे आकडे होते 115-113, 115-114 आणि 114-114, विजय त्रिनिदादचा. 115-113 म्हणजे 12 पैकी 7 फेऱ्या. त्यातली एक फिरली की 114-114. दे ला होया आपण पुढे आहोत असे समजून शेवटच्या तीन फेऱ्या पळत राहिला. त्या तीन फेऱ्या तुम्ही कोणाला देता ते आधी लिहा, मग पंचांशी भांडा.

प्रश्न : लास वेगासची मुख्य लढत आपल्याकडे कधी दिसते? (ठाणे)

तिथे शनिवारी रात्री 8 वाजता सुरू झाली तर उन्हाळी वेळेत आपल्याकडे रविवारी सकाळी 8.30, हिवाळ्यात 9.30. मेक्सिकोचे मोठे नाव असेल तर मे महिन्याचा पहिला आठवडा आणि 16 सप्टेंबरच्या, म्हणजे त्यांच्या स्वातंत्र्यदिनाच्या, आसपासचा शनिवार राखून ठेवा. पोर्तो रिकोसाठी जूनमधल्या दुसऱ्या रविवारच्या आदला शनिवार, न्यूयॉर्कमधल्या त्यांच्या मिरवणुकीची पूर्वसंध्या; 2006 आणि 2007 मध्ये कोत्तो त्याच रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये लढला. ती मात्र न्यूयॉर्कची वेळ: रात्री 11 म्हणजे आपल्याकडे सकाळचे 8.30.