शब्दशंका : ‘नाइस’ म्हणजे मूर्ख?

प्रश्न : आजोबांच्या जुन्या इंग्रजी कोशात ‘नाइस’ या शब्दाचा पहिला अर्थ ‘मूर्ख’ असा दिला आहे. ही छपाईची चूक असावी का?
– एक वाचक, पंचवटी, नाशिक

उत्तर : चूक मुळीच नाही. लॅटिनमधील ‘नेस्कियुस’, म्हणजे ‘न जाणणारा’, हा शब्द जुन्या फ्रेंचमधून १३०० च्या सुमारास इंग्रजीत आला, तेव्हा त्याचा अर्थ ‘मूर्ख’ असाच होता. पुढे ‘नको तितका चोखंदळ’, ‘नाजूक’ अशी वळणे घेत तो १६ व्या शतकात ‘काटेकोर, सूक्ष्म’ या अर्थापर्यंत पोहोचला आणि ‘नाइस डिस्टिंक्शन’, म्हणजे अगदी बारीक भेद, या प्रयोगात तो अर्थ आजही टिकून आहे. ‘छान’ हा अर्थ १८ व्या शतकातला. मला मात्र ‘काटेकोर’ हाच अधिक मोलाचा वाटतो आणि तो मागे पडल्याची हळहळ वाटते.

आपल्याकडेही असे घडले आहेच. संस्कृतात ‘शिक्षा’ म्हणजे अध्ययन, मराठीत दंड. संस्कृतातला ‘राग’ रंगाचा आणि प्रेमाचा, आपला संतापाचा.

तो कोश जपून ठेवा, आणि त्यातच ‘सिली’ हा शब्दही पाहा. आज ‘खुळचट’ असलेला हा शब्द मुळात ‘सुखी, धन्य’ असा होता.