डबलून म्हणजे किती?

प्रश्न असा आला आहे : 'पेरूमधल्या कुझ्को टाकसाळीच्या १६९८ च्या एका दुर्मिळ सोन्याच्या नाण्याचा माग काढणारा लेख मराठीत आणते आहे. त्यात कुठे एस्कुदो, कुठे डबलून, एके ठिकाणी तर पिस्टोल! नाणी तीन की एकच? सरळ मोहर लिहून मोकळी होऊ का?'

मोहर नको. मोहर म्हटलं की आपल्याकडे साधारण अकरा ग्रॅमचं नाणं डोळ्यांपुढे येतं, आणि इथे सगळा घोळ वजनाचाच आहे.

एस्कुदो म्हणजे ढाल. नाण्यावर राजचिन्हाची ढाल, म्हणून हे नाव. (गोव्यातल्या जुन्या मंडळींना शब्द ओळखीचा वाटेल, पोर्तुगीज अमदानीच्या अखेरच्या दोन-तीन वर्षांत तिथलं चलन एस्कुदोच होतं.) चित्रावरून नाणं ओळखायची खोड आपलीही आहे. व्हेनिसच्या दुकातीवर माणसांच्या आकृत्या दिसल्या, तर आपण तिला पुतळी म्हणून माळेत ओवली. स्पेनमध्ये एस्कुदो सोळाव्या शतकात आला. वजन ३.४ ग्रॅमच्या आसपास.

दोब्लोन म्हणजे दुप्पट, दोन एस्कुदोंचं नाणं. पण स्पॅनिशमध्येच पुढे 'दोब्लोन दे आ ओचो', म्हणजे आठाचा दोब्लोन, असाही प्रयोग होता. इंग्रजांनी तो उचलला आणि 'डबलून' बहुधा या आठ एस्कुदोंच्या, २७ ग्रॅमच्या नाण्याला चिकटवला. मग दोन एस्कुदोंच्या नाण्याला त्यांच्याकडे नाव उरलं पिस्टोल. तेव्हा 'पन्नास पिस्टोल दिले' या वाक्यात शस्त्रं वाटली गेली असं कृपा करून समजू नका.

आता तुमच्या कुझ्कोकडे येऊ. त्या काळात तिथे सोन्याची नाणी निघाली ती १६९८ या एकाच सालाची, आणि तीही फक्त एक आणि दोन एस्कुदोंची. म्हणजे मूळ स्पॅनिश कागदात 'कुझ्कोचा दोब्लोन' असेल, तर तो दोन एस्कुदोंचा. इंग्रजी 'डबलून' वाचून कोणी तिथे आठाचं नाणं शोधू लागला, तर पुरावा सापडायचा नाही. असं नाणंच तिथे तेव्हा पाडलेलं नाही. म्हणून अनुवादात नाव कुठलंही ठेवा, शेजारी 'दोन एस्कुदोंचं' हे लिहाच. मी तर डबलून हा शब्द चाचेगिरीच्या गोष्टींपुरता राखून ठेवीन.

लेखात 'कॉब' आलं असेल, तर 'हाताने ठोकलेलं ओबडधोबड नाणं' एवढं पुरे. शिवराई हाताळलेल्याला वेगळं सांगायला नको : ठसा मोठा, चकती वेडीवाकडी, अक्षरं अर्धी बाहेर. त्यामुळे अशा नाण्याची ओळख पटवायची ती उरल्यासुरल्या खुणांवरून. कुझ्कोच्या दोन एस्कुदोंवर खांबांच्या चित्रात टाकसाळीचा 'सी', मधे २ आणि सोनं पारखणाऱ्याचा 'एम' असतो, आणि खाली साल. ते नुसतं ६९८ असं दिसेल. आधीचा १ हा आकडा छापून निघाला नाही असं समजून दुरुस्त करू नका. सालाचे शेवटचे तीनच अंक कोरायची तिथली रीत होती.