यादवी म्हणायची कशाला?

'तालिबानमध्ये यादवी' असा मथळा वाचून दादरच्या एका वाचकांनी विचारलंय, इथे 'यादवी' बरोबर आहे का, की 'गृहयुद्ध' म्हणावं?

'गृहयुद्ध' हिंदी चॅनेलांना लखलाभ. 'यादवी'चा संबंध काही जाणकार देवगिरीच्या यादव राजांशी जोडतात: रामचंद्रदेवाने चुलतभाऊ अम्मणाचं राज्य हिसकावून त्याला आंधळं केलं, म्हणून यादवी. गोष्ट खरी, व्युत्पत्ती नाही. मूळ महाभारताच्या मौसलपर्वात आहे. कौरव-पांडव युद्धानंतर ३६ वर्षांनी प्रभासला यादवांचं मद्यपान चालू असताना पांडवांकडून लढलेल्या सात्यकी यादवाने कौरवांकडून लढलेल्या कृतवर्मा यादवाला डिवचलं: झोपलेल्यांना मारणारा तू! कृतवर्म्याने भूरिश्रव्याचं नाव काढलं. हात तुटून प्रायोपवेशनाला, म्हणजे अन्नत्याग करून मरणाला, बसलेल्याचं डोकं कुणी उडवलं होतं? सात्यकीने तिथल्या तिथे कृतवर्म्याचंही उडवलं आणि मग एरका गवताची मुसळं होऊन यादवांनी एकमेकांना संपवलं. कीर्तनकार खापर दारूवर आणि शापावर फोडतात. पण तेवढंच कारण नाही. दोघे त्या युद्धात समोरासमोर होते, हिशेब तिथलाच निघाला. म्हणून माझा हेका असा की लढाई संपल्यावर घरच्यांनी घरच्यांवर शस्त्र उपसलं तरच ती यादवी. पाठ्यपुस्तकांनी १८६१ च्या अमेरिकेलाही 'यादवी युद्ध' चिकटवून शब्द बोथट केला.

अफगाणिस्तानातली खरी यादवी १९९२ ची. एप्रिलमध्ये राष्ट्राध्यक्ष नजीबुल्लांची सत्ता गेली आणि त्यांच्याविरुद्ध लढलेल्या मुजाहिदीन गटांनी घेतलेल्या काबूलवर त्या गटांतल्याच हिकमतयारने रॉकेटं डागली. जानेवारी १९९४ मध्ये उझबेक सेनानी दोस्तमही त्याला जाऊन मिळाला.

तालिबानचं प्रकरण अजून तिथवर गेलेलं नाही. ऑगस्ट २०२१ पासून शेवटचा शब्द कंदाहारच्या तालिबानप्रमुख अखुंदजादांचा, तर सप्टेंबर २०२१ पासून गृहखातं काबूलमध्ये सिराजुद्दीन हक्कानींकडे. २३ मार्च २०२२ ला मुलींच्या माध्यमिक शाळा उघडल्या आणि काही तासांत बंद झाल्या. फेब्रुवारी २०२३ मध्ये हक्कानी खोस्तमध्ये सत्तेच्या मक्तेदारीविरुद्ध जाहीर बोलले. जानेवारी २०२५ मध्ये उपपरराष्ट्रमंत्री स्तानिकझाईंनी मुलींच्या शिक्षणबंदीवर उघड टीका केली आणि नंतर देश सोडला. ही धुसफूस, फार तर दुफळी. जून २०२२ मध्ये शिवसेनेबाबत मुंबईच्या चॅनेलांना 'बंड' आणि 'फूट' बरोब्बर सुचले होते, मग काबूलपाशीच घोडं का अडतं?

आणि हो, यादवी 'माजते'. 'यादवी पुकारली' असं परवा ऐकलं. बंड पुकारतात हो, यादवी नाही.