राष्ट्रीय विज्ञान अकादमीचा सल्ला सरकारला पाळावाच लागतो का?
नाही, पंचगंगेच्या पुरावर दिल्लीच्या अकादमीनं उद्या अहवाल दिला तरी तो आदेश ठरणार नाही. १९३५ साली स्थापन झालेली भारतीय राष्ट्रीय विज्ञान अकादमी मत देते, निर्णय मंत्र्यांचा. बीटी वांग्याचंच, म्हणजे किडीला तोंड देण्यासाठी जनुक बदललेल्या वांग्याचंच बघा, तेव्हा पेपरात सगळं येत होतं: २०१० मध्ये सहा अकादम्यांनी मिळून मर्यादित लागवडीला अनुकूल अहवाल दिला, आणि त्यातला काही मजकूर दुसरीकडून जसाच्या तसा उचललेला निघाला! तेव्हाचे पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी तो अहवाल मानला नाही, या वांग्याच्या लागवडीवर आधीच घातलेली स्थगिती कायम राहिली. एक मात्र आहे, पुरासारख्या विषयात राज्य सरकार बहुधा स्वतःचीच समिती नेमतं. २०१९ च्या महापुरानंतर वडनेरे समिती नेमली, तशी. तिचाही अहवाल शिफारसच असतो.