काथरीन दनव : कुठला आवाज तिचा, कुठला उसना?

प्रश्न दोन आहेत : फ्रेंच नटी काथरीन दनव स्वतः गाते का, आणि तिचे सिनेमे कुठून सुरू करावेत? पहिल्याचं उत्तर तिच्या घरातच आहे, म्हणून आधी घराबद्दल.

जन्म पॅरिसचा, २२ ऑक्टोबर १९४३. वडील मोरिस दॉर्लेआक नट, आई रने सिमोनो नटी. दोघांनीही हॉलिवूडपटांच्या फ्रेंच डबिंगचं भरपूर काम केलं. ऑलिव्हिया डी हॅविलंड फ्रेंचमध्ये बोलायची ती रनेच्या आवाजात. दनव हे आईचं माहेरचं आडनाव. थोरली बहीण फ्रांस्वाझ आधीच दॉर्लेआक नावाने ओळखली जाऊ लागली होती, म्हणून काथरीनने ते घेतलं.

आता गाणं. १९६४च्या 'ले पाराप्लुई द शेरबूर'मध्ये साधा संवाद एकही नाही, पेट्रोलपंपावरचं बोलणंसुद्धा गायलेलं आहे. मिशेल लग्राँचं संगीत आधी पूर्ण ध्वनिमुद्रित झालं आणि नटांनी त्यावर ओठ हलवले. दनवसाठी गायली दानिएल लिकारी. आपल्याला पार्श्वगायन नवं नाही, पण इथे फरक असा की दोन गाण्यांच्या मधे नटाला स्वतःचा आवाज मिळतच नाही. अख्खी भूमिका डोळे, मान आणि श्वास यांवर पेलायची, आणि ती विशीतल्या मुलीने पेलली. म्हणूनच हा सिनेमा मूळ फ्रेंच आवाजात, सबटायटल लावूनच बघा. प्रतही नीट बघून निवडा : ईस्टमनकलर या रंगीत फिल्मची मूळ निगेटिव्ह फिकी पडत गेली होती. दिग्दर्शक जाक दमीने रंग वेगळे करून काढलेल्या तीन कृष्णधवल प्रती जपल्या होत्या, त्यांवरून पुढे त्याची दिग्दर्शिका पत्नी आन्येस व्हार्दाच्या देखरेखीखाली रंग परत मिळवले गेले. भिंतींचे गुलाबी-हिरवे कागद विटलेले दिसले तर ती प्रत सोडून द्या, कारण त्या रंगांवरच अर्धा सिनेमा उभा आहे.

लगेच १९६७चा 'ले दम्वाझेल द रोशफोर' घ्या. दोघी सख्ख्या बहिणी पडद्यावर जुळ्या आहेत. काथरीनसाठी आन जेर्मँ गायली, फ्रांस्वाझसाठी क्लोद पारां. त्यांच्या आईच्या भूमिकेतली दानिएल दारिय मात्र स्वतः गायली आहे, तेव्हा कान तिच्याकडे ठेवा. प्रदर्शनानंतर काही महिन्यांतच, २६ जूनला, नीसजवळ मोटार अपघातात फ्रांस्वाझ गेली. वय २५. हे माहीत असलं की दोघींचं एकत्र गाणं बघणं जड जातं, तरी बघाच.

तिचा बोलण्यातला थंडावा ऐकायचा तर ब्युन्युएलचा 'बेल द जूर' (१९६७), आणि तोच आवाज उबदार झालेला ऐकायचा तर त्रुफोचा 'ल दर्निए मेत्रो' (१९८०). या दुसऱ्याने तिला पहिला सेझार, म्हणजे फ्रान्सचा सिनेपुरस्कार, दिला, 'आँदोशीन'ने (१९९२) दुसरा सेझार आणि ऑस्करचं नामांकन. 'आँदोशीन' अडीच तासांहून मोठा आहे, त्यापासून सुरुवात केलीत तर दमाल.

तिचं स्वतःचं गाणं हवं असेल तर गायक-संगीतकार गेन्सबूरबरोबरचा १९८१चा अल्बम किंवा २००२चा सिनेमा 'युइत फाम'. गळा लहान आहे, पण शब्द फार स्वच्छ.

शेवटी 'पर्सेपोलिस' (२००७) हा अ‍ॅनिमेशनपट, फ्रेंच आवृत्तीच. नायिका मार्जानचा आवाज दनवची मुलगी किआरा मास्त्रोयान्नीचा, मार्जानच्या आईचा दनवचा, आणि आजीचा? दानिएल दारियचा, रोशफोरमधल्या त्याच आईचा.