इतके लेख, त्यातला विश्वासाचा कोणता?

पर्यावरण-नीतिशास्त्रात संशोधन सुरू करणाऱ्यांकडून एक काळजी मला वारंवार ऐकू येते: लेख ढिगाने सापडतात, पण त्यातला कोणता मानायचा हे ठरवता येत नाही, आणि ज्या अर्थी ते ठरवता येत नाही त्या अर्थी हा विषय आपल्या आवाक्यातला नसावा. या काळजीचा पहिला भाग कौशल्याचा आहे आणि दुसरा मनाचा. दोन्ही एकमेकांत अडकले की माणूस हतबल होतो. अशाच अवस्थेत आलेल्या एका संशोधक विद्यार्थिनीचा अनुभव तिच्या संमतीने, ओळख पटणार नाही अशा रीतीने तपशील बदलून, येथे मांडत आहे.

तिचा विषय अवघड होता. बेटावर बाहेरून आलेल्या प्राण्यांमुळे तिथले मूळचे पक्षी नामशेष होऊ लागले, तर त्या प्राण्यांना ठार मारणे नैतिकदृष्ट्या समर्थनीय ठरते का, हा तिचा प्रश्न. लॅपटॉपवरचे फोल्डर लेखांनी भरले होते. बहुतेकांचे गोषवारे तेवढे वाचले होते आणि झोप उडाली होती. ‘‘मॅडम, काल वाचलेला लेख मला पूर्ण पटला होता,’’ ती म्हणाली, ‘‘आज दुसऱ्याने तो खोडून काढला. उद्या तिसरा येईल. मग मी वाचते तरी कशासाठी?’’

तिने आधी विज्ञानात पदवी घेतली होती, आणि गोंधळाचे मूळ मला तिथे दिसले. प्रयोगशाळेतले दोन निष्कर्ष परस्परविरोधी निघाले तर कुठेतरी चूक झाली असावी असे मानण्याची सवय तिथे लागते. नीतिशास्त्रात दोन विचारी माणसे एकाच वस्तुस्थितीवरून वेगळ्या निर्णयाला येतात आणि तो मतभेदच अभ्यासाचा विषय असतो. मतभेद दिसणे हे तिच्या अपात्रतेचे लक्षण नव्हते. आपण योग्य जागी पोहोचलो आहोत याची ती खूण होती. हे तिला समजावून सांगितल्यावर थोडा धीर आला, पण नुसत्या धीराने प्रबंध पुढे सरकत नाही, म्हणून आम्ही तिची शोधाची पद्धत तपासायला घेतली.

ती गूगल स्कॉलरवर ‘एन्व्हायर्न्मेंटल एथिक्स’ आणि ‘इन्व्हेजिव्ह स्पीशीज’ हे शब्द टाकत असे आणि सर्वाधिक उद्धृत झालेले लेख आधी उतरवून घेत असे. अडचण अशी की या एकाच प्रश्नावर तीन वेगळ्या गटांत चर्चा चालते आणि प्रत्येकाची परिभाषा निराळी आहे. संवर्धन-जीवशास्त्रज्ञ ‘इरॅडिकेशन’ (समूळ उच्चाटन) आणि ‘मॅनेजमेंट’ म्हणतात, प्राणिहक्कांचे अभ्यासक ‘किलिंग’ आणि ‘सेन्शियन्स’ (सुखदुःख जाणवण्याची क्षमता) म्हणतात, तर तत्त्वज्ञ ‘मॉरल स्टँडिंग’ (नैतिक विचारात घेतले जाण्याची पात्रता) आणि ‘इन्ट्रिन्सिक व्हॅल्यू’ (उपयोगापलीकडचे स्वतःचे मूल्य) म्हणतात. एका गटाचे शब्द वापरले की उरलेले दोन दिसेनासे होतात. म्हणून आधी स्टॅनफर्डच्या ऑनलाइन तत्त्वज्ञानकोशातली पर्यावरण-नीतिशास्त्रावरची नोंद वाचायची, तिच्यातली नावे व संज्ञा टिपायच्या, आणि मग फिलपेपर्स व फिलॉसॉफर्स इंडेक्स या तत्त्वज्ञानविषयक लेखनाच्या सूचींमध्ये उतरायचे, असा क्रम ठरवला. ‘एन्व्हायर्न्मेंटल एथिक्स’ (स्थापना 1979) आणि ‘एन्व्हायर्न्मेंटल व्हॅल्यूज’ (1992) या नियतकालिकांचे जुने अंकही चाळायचे ठरले.

तत्त्वज्ञानाच्या नियतकालिकांपुरताच शोध मर्यादित ठेवला तर या विषयाचा पायाच निसटतो, हेही तिला दाखवावे लागले. पृथ्वीवरच्या शेवटच्या माणसाने जाता जाता सगळी सजीव सृष्टी नष्ट केली तर त्यात वावगे काय, हा तत्त्वज्ञ रिचर्ड राउटली यांचा गाजलेला युक्तिवाद 1973 मध्ये बल्गेरियातील वार्ना येथे भरलेल्या जागतिक तत्त्वज्ञान परिषदेत मांडला गेला आणि परिषदेच्या कामकाजात छापला गेला. पर्यावरणीय संकटाची मुळे पाश्चात्त्य धर्मपरंपरेत शोधणारा लिन व्हाइट यांचा 1967 चा लेख तर ‘सायन्स’ या विज्ञानाच्या नियतकालिकात आला होता.

उद्धरणांच्या आकड्यावर तिचा फार विश्वास होता. सर्वांना खुली असलेली सामाईक संसाधने जो तो स्वार्थाने वापरून शेवटी संपवतो, असे मांडणारा गॅरेट हार्डिन यांचा 1968 चा सामाईक संसाधनांच्या शोकांतिकेवरचा लेख प्रचंड उद्धृत झालेला आहे. परंतु त्याला उद्धृत करणाऱ्यांत त्याचे खंडन करणारेही पुष्कळ आहेत, आणि लोकसमूह स्वतःचे नियम करून सामाईक संसाधने टिकवू शकतात हे दाखवणाऱ्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांना 2009 मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले. आकडा लेखाची चर्चा किती झाली ते सांगतो. तो पटला की नाही हे सांगत नाही.

खरी कलाटणी मिळाली ती तिच्या मसुद्यातल्या एका परिच्छेदामुळे. प्राणिमुक्तीचा विचार एकेका प्राण्याला महत्त्व देतो, पर्यावरण-नीती समग्र परिसंस्थेला देते, म्हणून दोघांचे जुळणे शक्य नाही, असे तिने पर्यावरण-तत्त्वज्ञ जे. बेअर्ड कॅलिकॉट यांच्या 1980 च्या लेखाच्या आधारे लिहिले होते आणि तेच त्यांचे मत म्हणून सांगितले होते. मी तिला त्याच लेखकाचे पुढचे लेखन शोधायला लावले. 1988 च्या लेखात कॅलिकॉट यांनीच ती कठोर भूमिका सौम्य करून दोन्ही विचारांना एकत्र आणण्याचा मार्ग शोधला होता; त्यासाठी माणसे आणि पाळीव प्राणी पूर्वीपासून एकाच मिश्र समाजात राहत आले आहेत, या तत्त्वज्ञ मेरी मिजली यांच्या कल्पनेचा आधार घेतला होता. ती बराच वेळ दोन्ही लेख शेजारीशेजारी ठेवून वाचत राहिली. मग म्हणाली, ‘‘म्हणजे मत बदलणे इथे कमीपणाचे नाही.’’ नंतरच्या भेटींत तिच्या बोलण्यातली अपराधीपणाची छटा कमी होत गेली.

नियतकालिक कितपत भरवशाचे, हे ठरवणे त्या मानाने सोपे. संपादक मंडळातली माणसे खरोखर त्या क्षेत्रात काम करतात का, तज्ज्ञपरीक्षणाची पद्धत स्पष्ट लिहिली आहे का, पैसे भरताच काही दिवसांत लेख छापण्याचे आश्वासन दिले आहे का, आणि नाव एखाद्या प्रतिष्ठित नियतकालिकाशी जाणूनबुजून मिळतेजुळते ठेवले आहे का, एवढे पाहिले तरी बरेचसे कळते. ‘इम्पॅक्ट फॅक्टर’ या नियतकालिकाच्या प्रभावाच्या आकड्याला मी तत्त्वज्ञानात फारसे महत्त्व देत नाही, कारण तो साधारणपणे आधीच्या दोन वर्षांतल्या लेखांच्या उद्धरणांवर बेतलेला असतो आणि इथले लेख कित्येक वर्षांनीही वाचले जातात.

अधिक वेळ द्यायला हवा तो लेखातल्या युक्तिवादाला. ‘उंदरांमुळे पक्ष्यांची पिल्ले मरतात, म्हणून उंदीर मारले पाहिजेत’ या वाक्यात पहिला भाग निरीक्षणाचा आहे, दुसरा कर्तव्याचा, आणि मधली पायरी अनेकदा लिहिलेलीच नसते. ती पायरी शोधायला ती शिकली. प्रत्येक लेखासाठी तिने एक पान ठेवले: लेखकाचे म्हणणे एका वाक्यात, ते ज्या गृहीतकावर उभे आहे ते गृहीतक, आणि त्या गृहीतकाला सर्वांत जोरदार हरकत घेणारा लेख. तिसरा रकाना रिकामा राहिला तरच नवा शोध घ्यायचा. त्यामुळे उगाच लेख उतरवत बसणे आपोआप थांबले.

‘सगळे वाचून झाले’ असे कधी म्हणता येईल, हा तिचा शेवटचा प्रश्न होता. नव्या लेखांच्या संदर्भसूचीत तीच ती नावे येऊ लागली आणि त्यांतले आक्षेप आपल्या पानांवर आधीच टिपलेले सापडू लागले, की तो भाग लिहायला घ्यावा, असे मी सांगितले. पुढच्या भेटीला ती मार्गदर्शकांना दाखवायचे पहिले प्रकरण घेऊन आली. त्यात तिची स्वतःची भूमिका होती, आणि त्या भूमिकेविरुद्धचा सर्वांत बळकट आक्षेप तिने स्वतःच पहिल्या पानावर मांडला होता.