जुन्या जमान्यातला असा कोणता तरुण फुटबॉलर आहे ज्याच्याबद्दल वाचून तुम्हाला हळहळ वाटते?

डंकन एडवर्ड्स, १९५० च्या दशकातला मँचेस्टर युनायटेडचा खेळाडू.

नाव ऐकलं नसेल तर काही बिघडत नाही, मीही पंचविशीपर्यंत ऐकलं नव्हतं आणि तेव्हा मी स्वतःला मँचेस्टर युनायटेडचा कट्टर फॅन म्हणवत होतो. आम्ही ९९ ची बॅच. म्हणजे २६ मे १९९९ ला बार्सिलोनाला चॅम्पियन्स लीगच्या फायनलमध्ये, इंज्युरी टाइममध्ये बायर्नला दोन गोल मारले ते रात्री दोन वाजता केबलवर बघितलेले लोक, नेरूळच्या सिडकोच्या घरात टीव्हीचा आवाज अगदी बारीक करून, कारण आतल्या खोलीत वडील झोपलेले आणि सकाळी त्यांना वागळे इस्टेटची फर्स्ट शिफ्ट. त्या रात्री मी उशी तोंडात धरून ओरडलो होतो. तर आमच्यासाठी युनायटेडचा इतिहास तिथून सुरू व्हायचा, त्याआधी जे काही होतं ते ब्लॅक अँड व्हाइट.

मग फेब्रुवारी २००८. रविवार संध्याकाळ, डर्बी, म्हणजे त्याच शहरातल्या मँचेस्टर सिटीबरोबर मॅच, आणि टीम मैदानात आली तर जर्सी कोरी! स्पॉन्सर नाही, नावं नाहीत, पाठीवर फक्त एक ते अकरा आकडे. मी म्हटलं हे काय नवीन. आमच्या तिसऱ्या मजल्यावरचे एक काका मॅच बघायला आमच्याकडे येऊन बसायचे (त्यांच्याकडे काकूंची सिरियल चालू असायची), मर्चंट नेव्हीतून रिटायर झालेले, इंग्लंडला बऱ्याच फेऱ्या झालेल्या. ते म्हणाले, "अरे पन्नास वर्षं झाली ना म्युनिकच्या विमान अपघाताला. तू कसला रे युनायटेडवाला." हे मला इतकं लागलं की मॅच २-१ हरलो त्याचंही काही वाटलं नाही. काकांनी ओल्ड ट्रॅफर्डच्या, म्हणजे युनायटेडच्या स्टेडियमच्या, भिंतीवरचं घड्याळ प्रत्यक्ष पाहिलं होतं, वर ६ फेब्रुवारी १९५८ तारीख आणि खाली म्युनिक एवढंच लिहिलंय. आणि मग त्यांनी तारेची गोष्ट सांगितली.

डंकन मँचेस्टरमध्ये पेइंग गेस्ट म्हणून राहायचा. त्या दिवशी बेलग्रेडला मॅच खेळून परत येताना टीमचं विमान पेट्रोल भरायला म्युनिकला उतरलं, बर्फ पडत होता, दोनदा टेकऑफचा प्रयत्न फसला, सगळ्यांना खाली उतरवलं. आज काही आपण जात नाही असं समजून त्याने घरमालकीणबाईंना तार केली, की सगळी विमानं रद्द झालीत, उद्या येतो, डंकन. ती तार घरी पोचली संध्याकाळी पाचच्या सुमारास. तोपर्यंत तिसऱ्या प्रयत्नात विमान धावपट्टीच्या टोकाला कोसळून काही तास झाले होते.

आमच्याकडे तार म्हणजे काय होतं हे जुन्या लोकांना विचारा. माझी आजी सांगायची की गावात तारवाला दिसला की बायका आधी रडायला सुरुवात करायच्या, मग कोणीतरी वाचता येणारा माणूस शोधायच्या, आणि कधी कधी तारेत निघायचं की मुलगा मॅट्रिक पास झाला. इथे बरोब्बर उलटं. तार म्हणतेय सगळं ठीक, उद्या येतो. ही एक गोष्ट ऐकली आणि मी अडकलो, त्यानंतर पंधरा-सोळा वर्षं जिथे जे मिळेल ते वाचत आलोय.

आता खेळाबद्दल, कारण खरं सांगायचं ते हेच. सगळे अपघातावरच थांबतात.

डडली नावाच्या गावात १ ऑक्टोबर १९३६ चा जन्म. ४ एप्रिल १९५३ ला पहिली लीग मॅच, वय सोळा वर्षं सहा महिने, कार्डिफकडून ४-१ हरले. झालं ना, आपल्याकडे पहिल्याच मॅचला असं झालं असतं तर पोरगा पनवती म्हणून बेंचवर. युनायटेडचा मॅनेजर मॅट बस्बीने तसं केलं नाही, बस्बीचा हिशोबच वेगळा होता, तो विकत घेतलेल्या स्टारपेक्षा शाळेतून उचललेल्या पोरांवर टीम उभी करत होता, म्हणून त्यांना 'बस्बीची पोरं' म्हणायचे. आणि दोनच वर्षांनी, २ एप्रिल १९५५, वेम्बलीवर स्कॉटलंडविरुद्ध डंकन इंग्लंडकडून उतरला. अठरा वर्षांचा. त्याच टीममध्ये स्टॅनली मॅथ्यूज होता, चाळीस वर्षांचा! इंग्लंडने ७-२ मारलं. महायुद्धानंतरचा इंग्लंडचा सगळ्यात लहान खेळाडू हा त्याचा रेकॉर्ड मायकल ओवेनने मोडला तो थेट १९९८ मध्ये, म्हणजे जवळजवळ त्रेचाळीस वर्षं टिकला.

पोझिशन लेफ्ट हाफ, आजच्या भाषेत डिफेन्सिव्ह मिडफिल्डर म्हणा, पण ते अर्धंच खरं, कारण गरज पडेल तिथे तो खेळायचा. पाच फूट अकरा इंच, अंगाने दांडगा, दोन्ही पाय सारखे चालायचे. मे १९५६ मध्ये बर्लिनला पश्चिम जर्मनीविरुद्ध, म्हणजे तेव्हाचे वर्ल्ड चॅम्पियन, त्याने मधून बॉल घेतला, माणसं मागे टाकली आणि लांबून असा मारला की जर्मन लोक त्याला बूम बूम म्हणायला लागले. इंग्लंड ३-१ जिंकलं.

पण माझा सगळ्यात आवडता किस्सा युथ टीमचा आहे. इंग्लंडचा खेळाडू झाल्यावरसुद्धा वयात बसतो म्हणून क्लब त्याला अंडर एटीनच्या कपमध्ये खेळवायचा (समोरच्या पोरांवर अन्यायच होता, लोक बोंबललेही) आणि तोही कुरकुर न करता खेळायचा. कोच जिमी मर्फीला काळजी की बाकीची पोरं आळशी होतायत, ज्याच्या पायात बॉल येतो तो डंकनकडे देऊन मोकळा. म्हणून एका मॅचआधी त्याने दम दिला, आज डंकनला शोधत बसायचं नाही, स्वतःचं डोकं वापरा. हाफटाइमला टीम मागे. मर्फी आत आला आणि म्हणाला, मघाशी मी काय सांगितलं आठवतंय ना, विसरा ते, बॉल डंकनला द्या. हा किस्सा बॉबी चार्लटन सांगायचा, तोही त्याच पोरांमधला एक. आणि तोच चार्लटन, पुढे वर्ल्डकप जिंकलेला, युरोपियन कप जिंकलेला माणूस, शेवटपर्यंत म्हणत राहिला की आपल्याला कमीपणा वाटला असा खेळाडू हा एकच.

पैसे? लीगच्या नियमाने पगाराला वरची मर्यादा होती, ती उठली १९६१ मध्ये. एकदा रात्री सायकलला दिवा नाही म्हणून पोलिसांनी दंड केला आणि वर क्लबनेही केला. इंग्लंडचा खेळाडू, सायकलवर घरी. आमच्या भाच्याला हे अजिबात पटत नाही.

भाच्यावरून आठवलं. तो बारा वर्षांचा आहे, सीवूड्सला एका कोचिंगला जातो आणि त्याचा देव स्पेनचा लामिन यमाल. तोही चूक नाही, सतराव्या वाढदिवसाच्या दुसऱ्याच दिवशी युरोकप जिंकलेला पोरगा आहे. पण मागच्या पावसाळ्यात म्हणाला, "मामा, एवढा लहान असून एवढा भारी आजपर्यंत कोणीच झाला नाही." मी त्याला डंकन सांगितला. त्याने लगेच मोबाईल काढला, क्लिप शोधली, मिळून मिळून काय तर न्यूजरीलचे काही तुकडे, चिखलात धावणारी माणसं, त्यात हा कोणता तेही नीट कळेना. "यात काय दिसतंय? स्लो आहेत सगळे." मग मी त्याला खाली आमच्या सेक्टरच्या मैदानावर नेलं. धो धो पाऊस, गोलपोस्टसमोर घोट्याएवढं पाणी. म्हटलं मार लांब पास. त्याचा चकचकीत सिंथेटिक बॉल दहा फुटांवर पाण्यात थांबला. म्हटलं आता हा बॉल चामड्याचा समज, पाणी पिऊन दगडासारखा जड झालेला, पायात घोट्यापर्यंत वर येणारे जाड बूट, आणि इथून चाळीस यार्ड पलीकडे धावणाऱ्या माणसाच्या बरोब्बर पुढ्यात टाकायचाय. गप्प बसला. मग म्हणाला, "म्हणजे जगला असता तर तो ग्रेट झाला असता."

तर प्रश्नातला 'हळहळ' शब्द मला इथेच खटकतो. झाला असता नाही, होता. युनायटेडकडून १७७ मॅच, दोन वेळा लीग चॅम्पियन, एक एफए कप फायनल, इंग्लंडकडून १८ मॅच आणि ५ गोल, हे सगळं बावीस वर्षांचा व्हायच्या आत करून ठेवलेलं आहे. आपल्याकडे कोणी तरुण गेला की लगेच 'उमलत्या वयात' वगैरे सुरू होतं आणि त्या माणसाने जे करून ठेवलं ते बाजूला राहून न केलेल्याचीच यादी बनते. १९६६ च्या वर्ल्डकपला तो २९ वर्षांचा असता, इंग्लंडचा कॅप्टन बॉबी मूरच्या जागी कप त्याने उचलला असता, हे मी हजार वेळा वाचलंय. असेलही. पण मला त्या न झालेल्या फायनलपेक्षा १ फेब्रुवारी १९५८ ची आर्सेनलच्या हायबरी मैदानावरची मॅच जास्त बघायला आवडेल, आर्सेनल ४ युनायटेड ५, पहिला गोल डंकनचा. इंग्लंडमधली त्याची ती शेवटची मॅच. मग ५ तारखेला युरोपियन कपमध्ये बेलग्रेडला रेड स्टारशी ३-३, सेमीफायनलमध्ये प्रवेश, आणि दुसऱ्या दिवशी ते विमान.

विमानात ४४ जण, गेले २३. सात खेळाडू जागच्या जागी. कारण निघालं धावपट्टीवरचा अर्धवट वितळलेला बर्फ, त्यात विमानाला वेगच घेता आला नाही, पण सुरुवातीला सगळं खापर पायलटवर फोडलं, म्हणे पंखांवरचा बर्फ काढला नाही, आणि त्या बिचाऱ्याचं नाव साफ व्हायला १९६९ उजाडलं. हळहळच वाटून घ्यायची तर मला त्याची वाटते, आणि एडी कोलमनची, जो डंकनपेक्षा एका महिन्याने लहान होता, त्याच मिडफिल्डमध्ये त्याच्या जोडीने खेळायचा आणि ज्याचं नाव आपल्याकडे कोणी घेत नाही.

डंकन पंधरा दिवस झुंजला. किडन्या निकामी झालेल्या, पाय मोडलेला, तरी डॉक्टर चकित होते की हा अजून आहे कसा. मर्फी भेटायला गेला (तो विमानात नव्हता, वेल्सच्या टीमचाही मॅनेजर असल्याने त्यांच्या मॅचसाठी मागे राहिला होता) तर याने विचारलं, जिमी, वुल्व्हजची मॅच किती वाजता सुरू आहे, ती चुकवून चालणार नाही. १९ फेब्रुवारीला युनायटेड पुन्हा मैदानात उतरलं, छापलेल्या प्रोग्राममध्ये युनायटेडच्या अकरा नावांच्या जागा कोऱ्या, कारण कोण खेळणार हेच माहीत नव्हतं. शेफील्ड वेन्सडेला ३-० हरवलं. २१ तारखेला डंकन गेला.

चार महिन्यांनी स्वीडनमध्ये वर्ल्डकप झाला आणि जगाला सतरा वर्षांचा पेले सापडला. टीव्हीचा जमाना येत होता, त्याचे गोल राहिले. डंकनची डडलीच्या चर्चमध्ये रंगीत काचेची खिडकी आहे, १९६१ मध्ये खुद्द बस्बीच्या हस्ते झालेली, त्यात तो फुटबॉलच्या कपड्यात आहे. काकांना तिथे जायचं होतं, राहिलं.

हे सगळं मी भाच्याला भिजत भिजत बिल्डिंगच्या गेटपर्यंत सांगत आलो. तो बॉल काखेत मारून गुपचूप ऐकत होता. लिफ्टमध्ये म्हणाला, "मामा, मग ती वुल्व्हजची मॅच झाली का?"

"झाली ना. पुढे ढकलली होती, एप्रिलमध्ये झाली. आपण ४-० हरलो."

"आपण?"

"हो मग. आपणच."